पुढच्या सीटवरचा सासरा

तिसरा कमानपाटा तुटून आला त्या दिवशी मालक स्वतः गॅरेजात आले. तुटलेला पाटा त्यांनी उलटसुलट करून पाहिला आणि मला विचारलं, "मेस्त्री, लोखंड वाईट की ड्रायव्हर वाईट, एवढंच सांगा."

मी तेव्हा सांगलीत एका सर्व्हिस मोटार कंपनीत फिटर होतो. लढाईचे दिवस. पेट्रोल मिळत नव्हतं, म्हणून आमच्या गाड्या कोळशाच्या गॅसवर चालायच्या. गाडीच्या पाठीमागे उंच भट्टी, तिच्यात कोळसा जळायचा आणि त्याचा गॅस नळीतून इंजिनात जायचा. सुटे भाग तर बघायलाही मिळत नव्हते. कमानपाटा म्हणजे चाकाच्या वर बसवलेला, वाकवलेल्या पोलादी पट्ट्यांचा जुडगा. खड्ड्याचा दणका तो खातो, म्हणून पॅसेंजर वाचतो. तो तुटला की लोहाराकडून जुन्या पट्ट्या ठोकून आणायच्या आणि देवाचं नाव घ्यायचं.

गाडी दौलतची होती. सांगलीहून विट्यावरून आटपाडी. कंपनीत त्याच्याइतका सांभाळून चालवणारा दुसरा नव्हता. वेळेचा असा पक्का, की लोक त्याच्या गाडीवर घड्याळ लावायचे. अशा माणसाच्या हातून पाटे तुटतात, हे मला पटेना. आधी मी लोहाराला दोष दिला. मग टपावर जादा माल चढवतात म्हणून कंडक्टर हसनला. शेवटी रजिस्टर काढून बसलो, तेव्हा दिसलं की तिन्ही पाटे आटपाडीच्या बाजारादिवशीच तुटलेत आणि तेही विट्याच्या पुढे.

मालक म्हणाले, "पुढच्या बाजाराला तुम्ही गाडीत बसून जा. चौथा तुटला तर दौलतला मी घरी बसवतो."

मी गेलो. विट्यापर्यंत पाळण्यात बसल्यासारखं वाटलं. दौलत एकेक खड्डा असा टाळत होता, जसं काही तिथं लेकरू झोपलंय. विट्याच्या पुढं एका थांब्यावर एक म्हातारा चढला. लाल पागोटं, खांद्यावर घोंगडं, काखेत कोकरू. तो सरळ जाऊन ड्रायव्हरशेजारी बसला. हसन माझ्या कानाशी वाकून म्हणाला, "आता घट्ट धरून बसा. सासरा आला."

गाडीत पाटी होती, ड्रायव्हरशी बोलू नये. म्हाताऱ्यानं ती तंतोतंत पाळली. त्यानं मान मागं वळवली.

"कंडाक्टर, डायवरास्नी सांगा, आमची लेक लय मजेत हाय."

दौलतनं समोरची नजर हलवली नाही. पण पुढचा खड्डा टाळलाही नाही. माझं डोकं टपाला लागलं.

"आन् सांगा, सासरची याद बी येत न्हाई तिला."

ह्या वेळी खड्डा रस्त्याच्या कडेला होता. दौलत त्याच्यासाठी वाट सोडून गेला. मागच्या बाकावरची माणसं एकमेकांच्या मांडीवर आली. म्हातारा मात्र कोकरू कवटाळून समाधानानं बसला होता. जावयाला लागलं, हे त्याला कळलं होतं.

आटपाडीला उतरून मी गाडीखाली शिरलो. सर्वांत वरच्या पट्टीला तडा गेला होता. तारेनं आवळून घेतला आणि दौलतला चहाला नेलं. त्यानं चहा बशीत ओतला. मग बोलला. दोन महिन्यांपूर्वी त्याची बायको शेवंता त्याच्याच गाडीनं माहेरी जाणार होती. तिला निघायला उशीर झाला. बोचकं घेऊन ती पळत आली, पण वेळ झाली म्हणून यानं गाडी सोडली. सगळ्या स्टँडनं बघितलं. ती मग दुसऱ्या कंपनीच्या गाडीनं माहेरी गेली, ती परत आलीच नाही. दुसऱ्या कंपनीच्या गाडीनं, हे त्यानं मला दोनदा सांगितलं.

सासऱ्याला मी मेंढरांच्या बाजारात गाठलं. त्याची अट साधी होती. "मोटार आमच्या वाटंवर हुबी ऱ्हाऊ द्या. पोरगी येईपातूर हलायची न्हाई. मंग जाईल ती."

दौलतला हे सांगितलं तर तो म्हणाला, थांबा नाही तिथं मी गाडी उभी करणार नाही. नियम आहे.

परतीला म्हातारा न विकलेलं कोकरू घेऊन पुन्हा पुढंच बसला. पाट्याची तार आणखी दोन खड्डे सोसणार नाही, हे मला माहीत होतं. त्याच्या वस्तीची वाट दिसली तशी मी घंटी वाजवली आणि मोठ्यानं सांगितलं, "भट्टीत राख साठलीय. गॅस कमी येतोय. गाडी घ्या बाजूला."

फिटरनं थांब म्हटलं की थांबायचं, हाही नियमच होता. इंजिनाचा आवाज खणखणीत होता आणि दौलतच्या कानाला तो कळत होता. तरी त्यानं ब्रेक दाबला.

मी म्हटलं, "रेडिएटरला पाणी लागेल. त्या घरातून बादली भरून आण." ते काम कंडक्टरचं, असं तो म्हणाला. हसन राख काढायला भट्टीमागं पळालासुद्धा. दौलत बादली घेऊन उभा राहिला. गाडीतली सगळी माणसं दुसरीकडं बघत होती. मग तो गेला. सासराही कोकरू घेऊन उतरला, पण वाटेवरच थांबला.

अर्धा तास झाला. एका पॅसेंजरनं विचारलं, विहीर खणायला घेतली का.

दौलत आला तो रिकामी बादली घेऊन. मागून शेवंता, कमरेवर भरलेली घागर, डोक्यावर बोचकं. दौलतनं नंतर मला सांगितलं, तो अंगणात एवढंच म्हणाला होता, "मी आरशात बघितलं हुतं तुला. चुकलं माझं." तिनं सावकाश एकेक लुगडं घडी घालून बोचकं बांधलं आणि तेवढा वेळ त्याला उन्हात उभं ठेवलं.

मी झाकण उघडलं. तिनं घागर ओतली आणि सगळं पाणी बाहेर आलं.

"ह्यो तर भरल्यालाच हुता की," ती म्हणाली.

"व्हय," दौलत म्हणाला.

ती पुढच्या सीटवर बसली, आणि माझं खरं काम तिथून सुरू झालं. तिला धक्का लागू नये म्हणून दौलत गाडी बैलगाडीच्या चालीनं नेऊ लागला. कोळशाच्या गाडीला हे चालत नाही. इंजिन जोरात ओढेल तेव्हाच भट्टीत वारा जातो आणि विस्तव फुलतो. मी मागून सांगत होतो, पाय दाब. तो ऐकेना. विट्याच्या अलीकडं चढावर विस्तव मंदावला आणि गाडी खरोखरच बंद पडली.

मी सगळ्यांना उतरून ढकलायला सांगितलं. कुणी हलेना. एक जण म्हणाला, "मेस्त्री, आता इथं कुणाचं घर हाय?"

शेवटी शेवंताच पदर खोचून खाली उतरली आणि गाडीला खांदा लावला. मग बाकीच्यांना उतरावंच लागलं.

सांगलीत दोन तास उशिरा पोचलो. मालक स्टँडवर उभेच होते. काय मोडलं, म्हणून विचारलं. मी सांगितलं, काही मोडलं नाही, हळू चालवल्यामुळं विस्तव गेला. हळू का, तर शेजारी बायको होती. आणि पाटे का तुटले, तर शेजारी सासरा होता. मालकांनी दौलतला ठेवलं, आणि लेखी हुकूम काढला की ड्रायव्हरच्या दोन्हीकडच्या नातेवाइकांनी मागच्या बाकावर बसावं.

त्या गाडीचा पाटा पुढं आठ महिने टिकला. तेव्हापासून कुठलीही गाडी मोडून आली, की जॅक लावायच्या आधी मी ड्रायव्हरला विचारायचो, शेजारी कोण होतं. पाना हातात घ्यायची गरज पुष्कळदा पडायची नाही.