माझ्या बापाला वाकवणारा

तो पोलीस अजून जिवंत असेल तर पेन्शन खात असेल. समुद्राकाठी कुठेतरी छोटं घर, बागेत खुर्ची, हातात चहाचा मग. खाऊ दे बापडा. फक्त पचू नये, एवढीच माझी इच्छा आहे. माझी मुलगी म्हणते, "आई, किती वर्षं झाली, सोड ना आता. तुझंच बीपी वाढतं." वाढू दे. बीपीची गोळी मी घेते. राग सोडत नाही.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. आम्ही तेव्हा साउथहॅम्प्टनला राहत होतो. नवरा हॉस्पिटलात रजिस्ट्रार, म्हणजे मधल्या पायरीचा डॉक्टर होता, वरच्या कन्सल्टंटच्या जागेकडे डोळे लावून बसलेला. मी तिथेच पॅथॉलॉजी लॅबमध्ये होते. आई गेल्यावर मी बाबांना इकडे घेऊन आले. सत्तरी ओलांडलेला माणूस, पण पाठ ताठ, काठी नाही, चष्मा फक्त वाचायला. जन्मभर हायस्कूलात मास्तरकी केलेली. इथे आल्यावर म्हणाले, "मी काय तुमच्या घरात बसून खिडकीतून पाऊस बघू?" आणि हट्टाने ड्रायव्हिंग टेस्ट दिली. पहिल्यांदा नापास झाले, कारण आरशात बघायचंच विसरायचे. दुसऱ्यांदा पास झाले आणि त्या दिवशी सगळ्या गल्लीत पेढे वाटले. पेढे कसले, मीच मिल्क पावडरचे वळलेले. शेजारच्या गोऱ्या म्हातारीने फज, म्हणजे त्यांची दुधाची वडी, समजून चार खाल्ले.

बाबांचा या देशावर फार विश्वास होता, तो कशावरून तर इथल्या पोलिसावरून. गावी फोन लागला की पहिलं हेच. "अरे, इथला पोलीस कंबरेला पिस्तूल लावत नाही. आणि म्हाताऱ्या माणसाला सर म्हणतो, सर!"

आता बाबांचं एक सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. विदर्भातल्या ज्या खेड्यात ते जन्मले तिथे फौजदार आला की माझे आजोबा कंबरेत वाकून, जमिनीला हात लावून जोहार घालायचे. फौजदार पुढे निघून गेला तरी तसेच वाकलेले राहायचे. बाबांनी लहानपणी हे रोज बघितलं. मग नागपूरला धम्मदीक्षा घेतली, आणि त्या दिवसापासून ते कुठल्याही माणसापुढे वाकले नाहीत. बुद्धमूर्तीपुढे वाकायचे, माणसापुढे नाही. स्वतःच्याही पाया कुणाला पडू द्यायचे नाहीत. माझ्या लग्नात सासरचे सगळे पाया पडापडी करत होते आणि हे मध्ये खांबासारखे उभे. माझ्या सासूबाई ते मरेपर्यंत विसरल्या नाहीत.

त्या वर्षी बुद्धपौर्णिमेचा कार्यक्रम स्लाऊला, गाडीने तासा-दीड तासावरच्या गावी होता. नवऱ्याची ड्यूटी होती, म्हणून बाबा आणि मी दोघंच गेलो. बाबांचा पांढरा शर्ट, पांढरी पँट, वर कोट. वंदना झाली, भाषणं झाली, खीर झाली. परत येताना गाडी बाबाच चालवत होते. नवऱ्याने नुकतीच घेतलेली मोठी निळी गाडी, बाबांचा जीव तिच्यावर. मोटरवेने आलो, आमच्या घराच्या अलीकडच्या रस्त्याला लागलो, तेवढ्यात मागे निळा दिवा चमकायला लागला.

बाबांनी शिस्तीत इंडिकेटर देऊन गाडी कडेला घेतली आणि खाली उतरले. मोठ्या अधिकाऱ्याशी बसल्या जागेवरून बोलणं त्यांना उद्धटपणाचं वाटे. दोन पोलीस आले. एक कोवळा, तो माझ्या दाराशी येऊन उभा राहिला. दुसरा तिशी-पस्तिशीचा, आडवा, भुरकट मिशीचा. बाबा त्याला म्हणाले, "गुड आफ्टरनून, ऑफिसर."

"ही गाडी कुणाची, ग्रँडॅड?"

सर गेले उडत. ग्रँडॅड!

"माझ्या जावयाची."

"असं? आणि जावई काय करतो?"

"डॉक्टर आहे." बाबांनी कोटाच्या आतल्या खिशातून लायसन्स काढून पुढे केलं. त्याने ते बघितलंसुद्धा नाही. म्हणाला, खिसे तपासायचेत, दोन्ही हात बॉनेटवर ठेव आणि वाक.

बाबांना वाटलं, समजावून सांगितलं तर इथला पोलीस ऐकेल. हीच त्यांची चूक. अशी चूक आमच्यातलाच माणूस करू शकतो, ज्याने आयुष्यभर कायद्याच्या पुस्तकाला देव्हाऱ्याची जागा दिली. ते त्यांच्या मास्तरी इंग्रजीत, एकेक शब्द मोजून म्हणाले, "तुम्ही खुशाल तपासा. मी उभा राहतो. मी कुणापुढे वाकत नाही."

पुढचं सगळं झटक्यात झालं. त्याने बाबांचा उजवा हात धरला, पाठीमागे पिळला, वर ओढला आणि दुसऱ्या हाताने मान पकडून त्यांना बॉनेटवर आपटलं. गाडी स्लाऊपासून धावत आली होती. बॉनेट तव्यासारखं तापलेलं. बाबांचा गाल त्या पत्र्यावर, आणि मी काचेच्या या बाजूला, तोंडासमोर. बाबा माझ्याकडेच बघत होते. मी दार ढकलत होते आणि तो कोवळा पोलीस बाहेरून दाराला ढुंगण लावून उभा होता, उघडू देत नव्हता. मी ओरडत होते, इंग्रजीत नाही, मराठीत. "मुडदा बशिवला तुझा मेल्या! सोड माझ्या बापाला!" खांद्यातून आवाज आला तो मला काचेतून ऐकू आला. बाबा ओरडले नाहीत. मला वाटतं, ओरडले असते तर त्याने लवकर सोडलं असतं.

खांदा निखळला होता. हाडाचा तुकडाही उडाला होता. माझ्याच हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत, माझ्याच ओळखीच्या नर्सने बाबांच्या भाजलेल्या गालाला मलम लावलं, आणि तो भुरकट मिशीवाला पडद्याबाहेर उभा होता. पोलिसाच्या कामात अडथळा आणि पोलिसावर हल्ला असे दोन आरोप त्याने तिथेच वाचून दाखवले. हल्ला! मी रडायला लागले तेव्हा बाबा म्हणाले, "काऊन रडतेस पोरी? कोर्ट आहे ना."

खांदा बसवला, पण हात परत आला नाही. कंबरेच्या वर उचलायचा नाही. फिजिओ झाली, शेक झाला, गावाहून तेल मागवून चोळलं. काही नाही. बाबा केस डाव्या हाताने विंचरायचे, भांग वाकडा यायचा. सकाळी वंदनेला बसले की डावा हात छातीशी यायचा आणि उजवा मांडीवर पडून राहायचा. गाडी तर सुटलीच. ती निळी गाडी दारात उभी असायची आणि बाबा खिडकीत बसून पाऊस बघायचे. मी लॅबमधून आले की हे दृश्य. रोज.

मी तक्रार केली. चौकशीला त्यांच्यातलाच एक इन्स्पेक्टर घरी आला, गोड बोलणारा. आमच्या घरी आलेला माणूस चहा-फराळाशिवाय गेलेला नाही, अगदी मीटरवालासुद्धा. त्याला मी कोरडा ठेवला. पाणीही विचारलं नाही. बाबांनी नंतर मला झापलं, "घरी आलेल्याला पाणी विचारत नाहीस?" मी म्हटलं, "यांना? यांना मी विचारलंच तर विष विचारेन." महिन्याभराने त्यांचं उत्तर आलं की आवश्यक तेवढंच बळ वापरलं गेलं. आवश्यक! कशासाठी आवश्यक होतं ते कुणी लिहिलं नव्हतं.

मग वकिलाने सुचवलं की एक मधला मार्ग आहे. बाबांनी कोर्टात उभं राहून वर्षभर शांतता राखायची हमी द्यायची, की आरोप मागे घेतले जातील. शिक्षा नाही, डाग नाही. नवरा लगेच म्हणाला, "देऊन टाका हमी. अगं, उगाच कशाला? पेपरात नाव आलं तर माझ्या इंटरव्ह्यूचं काय होईल?"

मी त्याला जे बोलले ते इथे लिहीत नाही. तो दोन दिवस कॅन्टीनमध्ये जेवला.

बाबा मात्र शांत होते. म्हणाले, "मी शांतता मोडली नाही, तर राखीन असं कबूल कसं करू? ते म्हणजे वाकणंच झालं." त्यांना निर्दोष सुटायचं होतं, ताठ उभं राहून. एवढंच. मला एवढं पुरणार नव्हतं. मला तो माणूस सगळ्यांदेखत खाली मान घालून उभा असलेला बघायचा होता. त्याची मान पकडायला माझे हात शिवशिवत होते, पण हात नाही तर नाही, कोर्ट तरी.

कोर्टाच्या दिवशी मी लग्नातली जांभळी पैठणी नेसले. लोक काय म्हणतील ते म्हणोत, मला त्याला लांबून दिसायचं होतं. मी अशी जागा धरली की साक्षीच्या पिंजऱ्यातून त्याने कुठेही बघितलं तरी मीच समोर. न्यायासनावर तिघं मॅजिस्ट्रेट होते, मध्ये एक म्हातारी बाई, मोत्यांची माळ घातलेली. ते आत आले तेव्हा सगळ्यांनी उठून मान लववली. वकिलाने बाबांना आधीच विनवलं होतं, थोडीशी लववा हो. बाबा म्हणाले होते, "मी सरळ उभा राहीन. त्यात आदर आहेच." आणि तसेच उभे राहिले. पण त्या बाईने नुसतं बघितलं आणि बसा म्हणाली.

मिशीवाल्याने शपथेवर सांगितलं की म्हातारा त्याच्या अंगावर धावून आला. आमच्या वकिलाने त्याला बरेच प्रश्न विचारले, तो तयार होऊन आला होता, एकाही प्रश्नाला अडखळला नाही. मला वाटलं, गेलं सगळं. तेव्हा त्या म्हातारीने पेन खाली ठेवलं आणि अगदी घरगुती आवाजात विचारलं, "त्यांचं लायसन्स कुठे होतं?"

"त्यांच्या हातात, मॅडम."

"कुठल्या हातात?"

"उजव्या."

"म्हणजे लायसन्स पुढे केलेल्या हाताचा माणूस तुमच्या अंगावर धावून आला."

तो मानेपासून वर लाल होत गेला, कानांपर्यंत. "मग त्यांना वाकवायचं कशाला होतं?" तिने विचारलं. त्याने खाली बघितलं. मी बघत राहिले, डोळ्यांची पापणी लवू दिली नाही. असं सुख मला बाळंतपणानंतरही झालं नव्हतं, खोटं कशाला सांगू?

दोन्ही आरोप फेटाळले. बाबांनी त्या बाईला "थँक यू, मॅडम" म्हटलं आणि सरळ चालत बाहेर आले. बाहेरच्या मोठ्या दालनात वकील, साक्षीदार, पुढच्या खटल्यांची माणसं, सगळी गर्दी. मी बाबांचा डावा हात धरला होता. तेवढ्यात तो समोरून आला. टोपी काखेत, चेहऱ्यावर हसू. त्याने हात पुढे केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मनात राग ठेवू नका, सर. मी माझं काम करत होतो."

मला कळलं, याला काय हवंय. निकाल विरुद्ध गेला, आता निदान चारचौघांत म्हाताऱ्याचा हात हातात घेऊन मोकळं व्हायचं. घरी जाऊन बायकोला सांगायचं, शेवटी भला माणूस होता गं.

आणि माझे बाबा! त्यांनी द्यायला घेतला हात. त्यांचा उजवा हात निघाला, कंबरेपर्यंत आला आणि थांबला. त्यांनी ओठ दाबून जोर लावला. हात वर आला नाही. त्याचा हात हवेत तसाच. सगळे बघत होते. मग बाबा डावा हात सोडवायला लागले.

तो माझ्या हातात होता. मी घट्ट धरला.

"सोड गं," बाबा हळूच म्हणाले.

मी सोडला नाही. त्यांनी ओढून बघितला. माझी नखं त्यांच्या तळहातात रुतली असणार, तरी मी सोडला नाही. मी त्या माणसाच्या डोळ्यांत बघत उभी राहिले. त्याचं हसू गेलं, हात खाली आला, आणि तो गर्दीतून वाट काढत निघून गेला.

गाडीत बसल्यावर बाबा म्हणाले, "त्याला माफ करायचं की नाही, ते माझं होतं. तुझं नव्हतं."

"त्याने तुमचा एक हात घेतला, बाबा," मी म्हटलं. "दुसरासुद्धा त्यालाच द्यायचा होता?"

नव्वदीत ते गेले तोपर्यंत हा विषय त्यांनी कधी काढला नाही, मीही काढला नाही. तो माणूस माझ्या बापाकडून माफी न घेता गेला आणि आता ती त्याला कुठेच मिळणार नाही. ही व्यवस्था मी केली, माझ्या हाताने.