इस्त्रीवर शिकलेली कोरियन

इस्त्रीवाल्या काकूंना देवाने गळा दिला नव्हता, चिकाटी मात्र ओंजळीने दिली होती. दुकान म्हणजे घराची पुढची खोली. एक टेबल, त्यावर जुनी चादर, आणि भिंतीपलीकडे पार्लर. तिथल्या स्पीकरवर दिवसभर कोरियन गाणी. आधी काकू कानांवर हात ठेवायच्या. मग मुलाने कोरियन सून आणली आणि त्यांनी भिंतीलाच कान लावला.

मुलाचं आणि सुनेचं इंग्रजीत चालायचं. काकूंना ना इंग्रजी धड, ना कोरियन. त्यांनी पार्लरवालीला गुरू केलं. गाण्यात दोन्ही भाषा अर्ध्या-अर्ध्या, म्हणजे एका दगडात दोन पक्षी. शर्टाच्या कॉलरला पहिली ओळ, बाह्यांना दुसरी, पाठीला धृपद.

"अगं, हे लोक क्रियापद आपल्यासारखं शेवटी ठेवतात," काकूंना शोध लागला. "इंग्रजीतलं मेलं आगाऊ पाहुण्यासारखं मधेच घुसतं!"

शेवटी 'जिमा' आलं की 'नको', हेही कळलं. उल्जिमा, रडू नको. गजिमा, जाऊ नको. इंग्रजीही बरी वाढली. पँटची क्रीज दाखवत त्या बँकेतल्या साहेबांना "पर्फेक्ट, बेबी" म्हणाल्या, तेव्हा साहेब पिशवी तिथेच विसरून गेले.

अडचण एवढीच की गाण्यांत चंद्र, अश्रू नि काळजाची रेलचेल. मीठ, बादली, टॉवेल औषधालाही नाही. सुनेला "जेवलीस का" विचारता येईना, पण "तुझ्याविना रात्र सरत नाही" हे सफाईने सांगता येई. सुनेची हसून मुरकुंडी वळायची. आणि शब्द आठवायचे तेही हातात इस्त्री असली तरच. रिकाम्या हाताने विचाराल तर पाटी कोरी.

अशात विहीणबाई आल्या. फोनवर लेक वाळलेली दिसली, म्हणून पाहायला आल्या होत्या. एके दिवशी सकाळी मुलगा बूट घालता घालता हळूच म्हणाला, "आई, त्या हिला परत न्यायचं म्हणतायत. थोडे दिवस."

"थोडे म्हणजे?"

"ते कुणी बोलत नाहीये."

"आणि ती?"

"ती गप्पच आहे."

बरोबरच होतं. पोरीला घरची आठवण येत होती आणि जायचंही नव्हतं. आई समोर बसलेली असताना तोंड कसं उघडणार?

मुलगा-सून कामावर गेली. विहीणबाईंनी बॅग काढली. काकू समोर उभ्या राहिल्या. सांगायचं डोंगराएवढं, तोंडातून अक्षर फुटेना. शेवटी त्यांनी बॅगेतला चुरगळलेला कोट उचलला, टेबलावर टाकला आणि इस्त्री लावली. विहीणबाई हां हां करत मागे धावल्या.

कॉलर तापली तशी काकूंची जीभ सुटली. गजिमा. उल्जिमा. मी तुझ्या शेजारी आहे. सूर कुठला कुठे, शब्द मात्र खणखणीत. बाह्या झाल्या, पाठ झाली, कोट संपला. गाणं उरलं म्हणून काकूंनी तोच कोट उलटा करून पुन्हा घेतला. शेवटच्या कडव्यात कोरियन संपून इंग्रजी आली. "स्टे, बेबी, स्टे!"

विहीणबाईंनी तोंडावर हात ठेवला. खांदे हलत होते. हसतायत की रडतायत कळेना. मग खुर्ची ओढून त्या टेबलाशी बसल्या आणि तीच ओळ सुरात म्हणून दाखवली. काकूंनी म्हटली, चुकली. पुन्हा म्हटली, पुन्हा चुकली. विहीणबाईंनी बॅगेतून पुढचा शर्ट काढून दिला.

पलीकडून पार्लरवाली ओरडली, "काकू, थांबू नका हं! मी स्पीकर बंद केलाय, गिऱ्हाइकं ऐकतायत!"

संध्याकाळी मुलगा-सून आली तेव्हा अख्खी बॅग घड्या होऊन टेबलावर पडली होती आणि दोघी घोटघोट गरम पाणी पीत घसे शेकत होत्या. सून आईच्या कुशीत शिरून बराच वेळ काहीतरी बोलली. आई मान हलवत राहिली. मग विहीणबाईंनी नवऱ्याला फोन लावला. ऐकता ऐकता सुनेला हसू आवरेना.

"काय म्हणतायत गं?" काकूंचा जीव टांगणीला.

सुनेने मुलाला इंग्रजीत सांगितलं, मुलाने आईला.

"म्हणतायत, पोरगी इथे बरी आहे, मी एकटीच परत येते. पण पुढच्या खेपेला महिनाभर राहावं लागेल. तिच्या सासूबाईंचा सूर फारच वाईट आहे."