होडीतून उतरणारा माणूस

ज्योतीचा फोन आला तेव्हा मी तो लगेच उचलला नाही. सकाळी लवकर आलेल्या फोनला मी भिते, घरचे त्यावरून मला चिडवतातही. पण माझी मैत्रीण पमा आठवडाभर आजारी होती आणि नाव तिच्या मुलीचं दिसत होतं. चहा खाली ठेवून मी त्या थरथरणाऱ्या फोनकडे नुसती बघत राहिले. वाटलं, उचललाच नाही तर... शेवटी उचलला. "सुधामावशी, आई गेली," ज्योती म्हणाली. त्याला आता दीडेक महिना होईल. पमाबद्दल लिहायला बसते आणि काहीतरी कारण काढून उठते. आज मात्र उठायचं नाही असं ठरवलंय, कारण उशीर केला तर फार मोठं काहीतरी हातातून जाईल अशी भीती आहे.

वालीवच्या एका छोट्या कारखान्यात आमची ओळख झाली. सिनेमांच्या व्हिडिओ कॅसेट डब्यात घालून, लेबलं चिकटवून बाजारात पाठवायचं काम तिथं चाले. मी हिशेबाच्या टेबलावर, पमा पॅकिंगला. मी चंदनसारहून यायची, ती गासहून. तिकडे तिच्या नवऱ्याची, जयवंतची, केळीची वाडी होती आणि खाडीला लागून भातशेती. डबा चेपला किंवा लेबल तिरकं बसलं की तो माल बाजूला निघे आणि साहेब तो बायकांना घरी नेऊ देत. अशीच एक जुन्या फ्रेंच सिनेमाची कॅसेट पमाच्या वाट्याला आली. काळापांढरा सिनेमा, भाषा परकी, खाली इंग्रजी अक्षरं पळायची. पण पमाचं भाषेवाचून काही अडलं नाही. दुपारी जेवताना तिनं मला सगळी गोष्ट सांगितली. शिवणकाम करणारी एक मुलगी, तिचा माणूस बोटीवर गेलेला आणि ही रोज धक्क्यावर जाऊन उभी राहणारी.

"मग येतो का तो?" मी विचारलं.

"काय म्हायती! होडी धक्क्याला लागली, आनि आमचे पावने आले. बंद केला मशीन. बघीन आता निवांत."

तो निवांतपणा तिला मिळालाच नाही. घरात धाकट्या दिराचं लग्न होतं. हळदीच्या संध्याकाळी शूटिंगवाल्याची कोरी कॅसेट संपली आणि जयवंतनं मशीनमधली हीच कॅसेट काढून त्याच्या हातात ठेवली. सिनेमाच्या कॅसेटवर पुन्हा काही उमटू नये म्हणून तिच्या पाठीवर एक खाच असते. त्या खाचेवर चिकटपट्टी लावली की खुशाल रेकॉर्डिंग करता येतं. ही युक्ती जयवंतला पमानंच शिकवलेली! तिनं सिनेमा जिथं थांबवला होता, बरोबर तिथून पुढे दिराची हळद उमटली. पमा नवऱ्याशी कितीतरी दिवस धड बोलली नाही.

मी ते गासला जाऊन एकदा पाहिलं आहे. एकदाच. धुक्यात धक्का, ती मुलगी, लांबून येणारी होडी. होडी टेकते, कुणीतरी उतरायला उठतं, तेवढ्यात पडद्यावर मुंग्या येतात... आणि काळ्यापांढऱ्यातून एकदम पिवळंधमक. हळदीनं माखलेला जयवंत कॅमेऱ्याकडे चालत येतो, हात आडवा धरतो आणि म्हणतो, "अरे, माझं काय काढतो, नवऱ्याचं काढ ना!" मग कॅमेऱ्याच्या मागे कुणाकडे तरी बघून हसतो, "पमे, बघ गो, मला काढतात." आम्ही दोघी पोट धरून हसलो होतो. जयवंत बाहेर केळीचे घड उतरवत होता, त्यालाही ऐकू गेलं असेल.

त्याच वर्षी पावसाळ्यात खाडीच्या बांधाला खांड पडली. ती बुजवायला गावची माणसं गेली, त्यात जयवंत होता. पाण्यानं त्याला ओढून नेलं. ज्योती तेव्हा पोटात होती.

त्यानंतर ती कॅसेट हा पमाच्या जिवाला लागलेला घोर झाला. आमच्याकडच्या दमट हवेत भिंतीला बुरशी येते, तिथं कॅसेटमधल्या पट्टीची काय कथा. पावसाळा आला की पमा कॅसेट जुन्या लुगड्यात गुंडाळून तांदळाच्या डब्यात पुरून ठेवायची. ज्योतीलाही ती हात लावू द्यायची नाही. "मी लावीतच नाय ती," असं तिनं मला किती वेळा सांगितलं असेल. "मशीननं पट्टी गिळली म्हंजे? तेवढाच हलताबोलता र्‍हायलाय तो." दुकानात देऊन दुसऱ्या कॅसेटवर उतरवून घेऊ म्हटलं तर ती उठून डब्याचं झाकण घट्ट लावायची. मी तरी कुठली धीराची, मीही जोर केला नाही. त्यापेक्षा ती मला तो शेवट तोंडी सांगायची. होडी, मुंग्या, पिवळं, आणि ती दोन वाक्यं. भेटलो की एकदा तरी सांगायचीच.

अलीकडे तो फ्रेंच सिनेमा धुऊनपुसून नव्यानं डिस्कवर आला. माझ्या मुलानं तो मागवून दिला आणि मी मोठ्या हौसेनं गासला घेऊन गेले. पमानं चष्मा लावून डबीवरचं चित्र पाहिलं, तोच धक्का, तीच मुलगी.

"ह्याच्यात शेवट हाय?"

"आहे ना, पूर्ण आहे."

तिनं डबी माझ्याकडे सरकवली. "नको गो सुधा. इतकी वर्षं माझ्या सिनेमात तो होडीतून उतरला. ह्याच्यात नाय उतरला म्हंजे?"

मला हसू यायला हवं होतं. मी डबी तशीच पिशवीत ठेवली.

दिवसकार्य झाल्यावर ज्योतीनं ती कॅसेट माझ्या हातात ठेवली, अजून तांदळाचा वास होता तिला. "मावशी, मला बाबांना एकदा चालताना बघायचंय," ती म्हणाली. जुन्या कॅसेट उतरवून देणाऱ्या एका माणसाकडे आम्ही दोघी गेलो. त्यानं झाकण उचलून पट्टी उजेडात धरली तेव्हा मी ज्योतीचा हात घट्ट पकडला होता. सिनेमाचा बराचसा भाग निघेल, तो म्हणाला, पण शेवटाकडे काही नाही. वरचा थर पार घासून गेलाय. "हा एवढाच तुकडा कोणीतरी पुन्हा पुन्हा लावलाय."

म्हणजे पमा लावत होती! ज्योती शाळेला गेल्यावर, एकटी, भीत भीत, कुणाला न सांगता. आणि एक दिवस जयवंत दिसेनासा झाला असेल, तेव्हा त्या घरात ती काय करत बसली असेल, हा विचार मला अजून झोपू देत नाही. पुसली गेलेली कॅसेट ती तांदळात जपत राहिली आणि शेवट मला सांगत राहिली.

परतताना रिक्षात ज्योती म्हणाली, "तुम्ही पाहिलंय ना, मावशी? मग तुम्हीच सांगा." रविवारी ती येणार आहे, मोबाइलवर माझं बोलणं रेकॉर्ड करायला. कपाटात कॅसेट आहे, शेजारी न उघडलेली डिस्क. मी रोज मनात उजळणी करते. धुकं, होडी, मुंग्या, पिवळंधमक, आडवा हात. सगळं दिसतं. "पमे, बघ गो, मला काढतात," हेही ऐकू येतं... पण ते पमाच्या आवाजात. जयवंतचा आवाज कसा होता, ते मला आठवत नाही.