जाऊ वाचायला शिकली तेव्हा

सासूबाई गेल्या त्याच्या तिसऱ्या दिवशी सासऱ्यांनी फडक्यात बांधलेलं शास्त्र, म्हणजे मराठी बायबल, सोडलं आणि माझ्यापुढं ठेवलं. "तू मास्तरीण आहेस," ते म्हणाले. "आता तू वाचत जा."

सासूबाईंना लग्नानंतर मिशनच्या एका बाईंनी वाचायला शिकवलं होतं. तेव्हापासून चूल पेटवायच्या आधी त्या ओट्यावर बसून एक अध्याय मोठ्यानं वाचायच्या आणि सासरे शेजारी बसून ऐकायचे. ताप असला तरी त्यात खंड नव्हता. सासरे शिकलेले होते, पण निजामाच्या अमलात. त्यांची शाळा उर्दूत झाली आणि तहसील कचेरीतली सगळी नोकरीही उर्दूतच. पोलीस अॅक्शननंतर कचेरीतली उर्दू हळूहळू मागं पडली, मराठी दप्तर आलं आणि त्याच सुमारास ते पेन्शनवर निघाले. मराठी ते आमच्यासारखंच बोलायचे, पण मराठी अक्षराशी त्यांचा कधी संबंध आला नव्हता. कुणीतरी त्यांना उर्दूतलं शास्त्र आणून दिलं होतं. दोन दिवस वाचून त्यांनी ते ठेवून दिलं. "मतलब तोच आहे," म्हणाले, "पण मी हे सगळं तिच्या तोंडून मराठीत ऐकलंय. हे मला दुसऱ्याच कुणाच्या घरचं वाटतं."

म्हणून मी वाचायला लागले. आम्ही औरंगाबादच्या छावणीत राहायचो आणि माझी शाळा शहरात होती, सकाळी साडेसातची. डबे करायचे, पाणी भरायचं, खाम नदीचा पूल ओलांडून चालत जायचं. त्यातली दहा मिनिटं मी सासऱ्यांना द्यायची. माझं वाचन स्वच्छ होतं. लहानपणी संडे स्कूलमध्ये पाठांतराची बक्षिसं मला मिळायची आणि त्याची मला घमेंड होती. अध्याय संपला की मी "आमेन" म्हणता म्हणताच पुस्तक मिटून उठायची. सासरे कधी बरं म्हणाले नाहीत, वाईटही नाही. एकदा मात्र त्यांनी विचारलं होतं, "पोरी, मला ही अक्षरं शिकवशील का?" मी म्हटलं, "मामा, सुट्टी लागू द्या." सुट्ट्या लागल्या आणि गेल्या. त्यांनी पुन्हा विचारलं नाही आणि मीही विषय काढला नाही.

मग धाकट्या दिराचं लग्न झालं. जाऊ लासूर स्टेशनची. तिचे वडील धान्याच्या मोंढ्यात हमाली करायचे. ती दुसरीपर्यंत शाळेत गेली होती आणि पुढं भावंडं सांभाळण्यात ती अक्षरंही विसरली होती. रंगानं सावळी, हातानं चपळ, आणि मनात आलेलं बोलून टाकायची सवय. घरात आली त्या आठवड्यातच तिनं सासऱ्यांना विचारलं, "मामा, तुमी कचेरीत व्हता ना? मग बाईंकडून का वाचून घेता?" मला ती बाई म्हणायची.

"मला उर्दू येतं, बेटा. मराठी नाही."

"मलाबी येत नाय," ती म्हणाली. "मग शिकू की दोघं."

दुसऱ्या दिवशी सासरे गुलमंडीच्या बाजारात गेले आणि पोरांची असते तशी एक अंकलिपी, पाटी आणि पेन्सिलींचा डबा घेऊन आले. सकाळी मी शाळेला निघाले तर दोघं ओट्यावर बसलेली. अंकलिपीतल्या चित्रावरून अक्षर ताडून पाटीवर एकानं काढायचं, दुसऱ्यानं ओळखायचं. सासऱ्यांचं बोट सवयीनं ओळीच्या उजव्या टोकाला जायचं. जाऊ ते बोट धरून डावीकडं आणून ठेवायची आणि म्हणायची, "मामा, इकडून निघायचं. गाडी लासूरहून औरंगाबादला चाललीय असं समजा." आणि सासरे हसायचे. मी त्या घरात पाच वर्षं होते. त्यांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं.

शाळेत माझ्यापुढं पन्नास पोरं बसायची आणि मी फळ्यावर तीच अक्षरं काढायची. पण सगळं लक्ष घराच्या ओट्यावर. मला काहीच कसं विचारत नाहीत? घरात शिकवायला बाई असताना या दोघांनी पाच पैशांच्या अंकलिपीवर का शिकावं? त्यांनी आधी मलाच विचारलं होतं, हे मी सोयीनं विसरले होते. तिचं चुकलेलं माझ्या कानाला लगेच खटकायचं. आत भाकरी थापता थापता मी ओरडून दुरुस्त करायची, "तो 'ध' आहे, 'घ' नाही." जाऊ म्हणायची, "व्हय का, बाई?" आणि खरंच दुरुस्त करायची. तिला राग येत नव्हता, म्हणून मला जास्त यायचा.

वर्षाच्या आत ती जोडाक्षरं वाचायला लागली आणि मग एका सकाळी सासऱ्यांनी अंकलिपी बाजूला ठेवून शास्त्र तिच्या मांडीवर दिलं. दहा ओळींना अर्धा तास लागायचा. ती एक शब्द लावायची, तो कळला की थांबून म्हणायची, "आसं व्हय," आणि मग दोघं त्यावर बोलत बसायची. मेंढरू हरवलं असेल तर ते कोणत्या रानात हरवलं असेल, तो धनगर रात्री जेवला असेल का, असलं काहीही. माझे दहा मिनिटांचे अध्याय आपोआप बंद झाले. "तुला शाळेची घाई असते," सासरे म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. मला तो टोमणाच वाटला. त्या दिवशी मी शाळेत एका मुलीला कारण नसताना उभं केलं.

त्या वर्षी नाताळाच्या आधीच्या रविवारी आमच्याकडं प्रार्थना होती. चर्च सुटल्यावर दुपारी पाळकसाहेब आणि आठ-दहा कुटुंबं येणार होती. करंज्या, शंकरपाळ्या आदल्या दिवशीच झाल्या होत्या. जाऊला सहावा महिना होता. सासऱ्यांनी सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं होतं की आज वाचन धाकटी सून करणार. तिनं त्यासाठी येशूच्या जन्माचा, मेंढपाळांचा आणि गव्हाणीचा उतारा आठवडाभर घोकला होता. मी ऐकत होते. तिला तो जवळजवळ पाठ झाला होता.

दुपारी लोक बसले, पाळकसाहेबांनी प्रार्थना संपवून डोळे उघडले आणि वाचायला सांगितलं, तेव्हा पुस्तक माझ्या हातात होतं. आत ठेवलेली तिची कागदाची खूण मी सकाळीच काढून नव्या कराराच्या पहिल्या पानावर घातली होती. तिथं नुसती येशूची वंशावळ आहे, बापाचा मुलगा, त्याचा मुलगा, अशी तोंडात न मावणारी नावं. मी पुस्तक तिच्या हातात देत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "नाताळ आहे, तर अगदी सुरुवातीपासून घेऊ या." पाळकसाहेब म्हणाले, "उत्तम."

जाऊनं पानाकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. मग वाचायला लागली. तिसऱ्या नावाला अडखळली. पाचव्याला थांबली. परत मागं गेली. मागच्या बाजूला एक बाई तोंडाला पदर लावून हसली, तिचं पाहून आणखी दोघी हसल्या. सासरे पुढं झुकून बोटानं ओळ दाखवू लागले आणि त्यांचं बोट उजवीकडून निघालं. तेव्हा सगळेच हसले. जाऊनं पुस्तक मिटलं आणि म्हणाली, "बाई वाचतील." मी वाचलं. एकाही नावाला न थांबता वाचलं. पाळकसाहेबांनी माझं कौतुक केलं आणि मी करंज्यांची ताटं फिरवली.

दुसऱ्या दिवसापासून जाऊ ओट्यावर आली नाही. सासऱ्यांनी हाक मारली तर म्हणाली, "पीठ मळायचंय, मामा." तिसऱ्या दिवशी, "कंबर दुखतीय." मग त्यांनी हाक मारणं सोडलं. पुस्तक घेऊन नुसते बसायचे. मला वाटलं होतं मला बरं वाटेल. चार दिवस वाटलंही.

नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी मी स्वतःच त्यांच्याशेजारी जाऊन बसले. "मामा, मी वाचते."

"तू बरोबर वाचतेस," ते म्हणाले. "पण तू संपवायला वाचतेस. ते मला नको."

मला थोबाडीत बसल्यासारखं झालं. आधी रडू आलं, मग जिद्द आली. तिच्यापेक्षा हळू वाचून दाखवीन, असं मी मनाशी म्हटलं. खोटं कशाला सांगू, रोज शास्त्र वाचायची सवय मला भक्तीनं लागलेली नाही, जळफळाटानं लागली. शाळेच्या आधी अर्धा तास मिळावा म्हणून मी लवकर उठायला लागले. जुन्या कराराच्या पहिल्या पानापासून सुरुवात केली, रोज एक अध्याय. दर थोड्या ओळींनी थांबायची, सासरे काही विचारतील म्हणून वाट पाहायची. ते विचारायचे नाहीत. मग मलाच प्रश्न पडू लागले आणि मी ते मोठ्यानं विचारू लागले. एक दिवस त्यांनी उत्तर दिलं. जानेवारीच्या शेवटी जाऊ बाळंतपणाला लासूरला गेली.

फेब्रुवारीत आम्ही बारा भावांच्या गोष्टीपाशी आलो. बापाचा लाडका धाकटा भाऊ, त्याचा भारी अंगरखा आणि थोरल्यांच्या पोटातली आग. ही गोष्ट मी लहानपणी पाठ म्हणून दाखवली होती. भावांनी त्याचा अंगरखा काढला, त्याला कोरड्या विहिरीत टाकलं, आणि मग ते जेवायला बसले, असं तिथं आहे. ते वाक्य मी इतक्या वेळा वाचलं असेल, पण ते जेवायला बसले हे त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. मला पुढं वाचता येईना.

सासरे थांबले. मग म्हणाले, "काय झालं?"

"मामा, ती खूण मी बदलली होती."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"त्याच दिवशी. तिचा उतारा मी आठवडाभर ऐकत होतो. खूण आपल्या पायानं चालत गेली नसणार."

"मग बोलला का नाही?"

"तीस साल कचेरीत काढले, पोरी. धमकावून घेतलेली कबुली मी लई पाहिली. दुसऱ्या दिवशी माणूस फिरतो." त्यांनी पुस्तक माझ्या हातातून घेऊन मिटलं. "मला सांगून काय फायदा? ती लासूरला आहे."

मी रविवारी सकाळच्या पॅसेंजरनं गेले. बरोबर डिंकाचे लाडू होते. कुणी विचारलं तर तेवढं कारण पुरे होतं. जाऊ अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती, पोट पुढं आलेलं. तिची आई चहा करायला आत गेली तेव्हा मी सांगून टाकलं. बसत बसतच सांगितलं, नाहीतर सांगितलं नसतं.

"मी बघितलं व्हतं तुमाला," ती म्हणाली. हात थांबला नाही. "सकाळी हातात खूण घेतलेली. मला वाटलं, झाडता झाडता पडली आसंल म्हणून परत घालताय."

"मग नंतर कळलं तेव्हा सांगायचं होतंस सगळ्यांना."

"काय सांगायचं? नावं तर मला खरंच येत नव्हती." मग म्हणाली, "मला हसले त्याचं काय नाय, बाई. मामांना हसले."

मी विचारलं, "इथं वाचतेस का?"

"नाय. त्या दिसापासून उघडलंच नाय."

मी तिची माफी मागितली. ती लगेच "जाऊ द्या" म्हणाली नाही. आधी शेंगा संपवल्या. मग तिनं लाडवाचा डबा उघडला, एक मला दिला, एक स्वतः घेतला आणि म्हणाली, "डिंक थोडा कच्चा राह्यलाय." परतीच्या गाडीत मी रडले आणि तरीही, खरं सांगते, मामांना हसले हे तिच्या मनाला लागलं आणि मला ते सुचलंसुद्धा नाही, या गोष्टीचाही मला हेवा वाटला.

उन्हाळ्यात ती मुलगी घेऊन परत आली. चार लोकांसमोर तिनं त्यानंतर कधीच वाचलं नाही. पाळकसाहेबांनी दोनदा विचारलं, तिनं मान हलवली. ते मी मोडलं ते मोडलं. पण आठ-दहा दिवसांनी पहाटे मी ओट्यावर वाचत असताना ती लेकराला मांडीवर घेऊन सासऱ्यांच्या पलीकडं येऊन बसली. काही दिवसांनी मी एका कठीण शब्दापाशी मुद्दाम थांबले. ती म्हणाली, "बाई, ते नाटक नका करू." आणि पुस्तक ओढून पुढच्या चार ओळी तिनं वाचल्या. तेव्हापासून आम्ही अर्धा अर्धा अध्याय वाटून घेतला. सासरे मधे बसायचे. पुढं त्यांनाही सावकाश वाचता येऊ लागलं, मात्र एखादी ओळ ते शेवटापासून सुरू करायचेच.

त्यानंतर चौदा वर्षांनी ते आजारी पडले. नजर गेली होती. शेवटच्या दोन महिन्यांत सकाळी मी पुस्तक उघडलं की विचारायचे, "धाकटी कुठं आहे?" तोवर मी त्यांना हजारो अध्याय वाचून दाखवले असतील. तोच जुना हेवा उसळायचा, पहिल्या दिवसाइतकाच ताजा. मी आत जाऊन तिला बोलवायची, पुस्तक तिच्या हातात द्यायची आणि तिच्या वाटची भांडी घासायला बसायची. भांडी मी जोरात घासायची, ते ती ऐकायची आणि वाचताना आवाज थोडा चढवायची, म्हणजे मोरीपर्यंत मला ऐकू यावं.