अंगठा बाजूला घ्या

गंगापूर रोडच्या लॉन्सवर डॉक्टरांच्या घरचं लग्न असलं की मला जेवणाच्या रांगेत उभं राहायची धास्ती वाटते. ताटात जिलेबी पडायच्या आत कोणीतरी सर्जन खांद्याशी येतो, "मॅडम, एकच मिनिट," म्हणतो आणि मोबाइल माझ्या नाकाखाली धरतो. त्यावर कोणाचं तरी पित्ताशय असतं. मी रेडिओलॉजिस्ट आहे. म्हणजे एक्स-रे, सोनोग्राफी, स्कॅन बघून माणसाच्या आत काय चाललंय ते लिहून देणारी बाई. माझ्या नातेवाइकांना वाटतं, मी फोटो काढते. बरोबरच्या डॉक्टरांना मात्र माझी खरी किंमत ठाऊक आहे. मी फुकट असते.

हे वर्षानुवर्षं असंच चालत आलंय. नाशिकचे डॉक्टर एकमेकांना लिफ्टमध्ये विचारतात, पार्किंगमध्ये विचारतात, मिसळ खाताना विचारतात. "सल्ला हवाय" असं कोणी म्हणत नाही, त्यात कमीपणा येतो. "जरा बघून ठेवा" म्हणायचं. मग समोरच्यानेही "मला वाटत नाही तसं" एवढंच पुटपुटायचं आणि पुन्हा तर्रीकडे वळायचं. या पुटपुटण्यावर किती लोक जिवंत फिरताहेत, याची नोंद कुठेही नाही.

नोंद नाही, नेमकं हेच आमच्या नव्या व्यवस्थापकांना खुपलं. हे गृहस्थ आधी हॉटेलं चालवायचे, त्यामुळे पेशंटला "पाहुणे" म्हणायची त्यांच्या जिभेची सवय अजून सुटलेली नाही. त्यांनी परिपत्रक काढलं की डॉक्टरांमधला अनौपचारिक सल्ला यापुढे बंद. हॉस्पिटलचं ॲप आलंय. आसपासच्या तालुक्यांतल्या, आमच्याकडे पेशंट पाठवणाऱ्या डॉक्टरांनीसुद्धा जे विचारायचं ते त्यावरच विचारायचं. त्याच्या प्रशिक्षणासाठी आम्हाला एका वायनरीत नेलं. तोंडी सल्ला कसा टाळावा, यावर दिवसभर व्याख्यानं झाली आणि चहाच्या सुट्टीत सगळे डॉक्टर द्राक्षवेलींच्या आडोशाला जाऊन एकमेकांना पेशंट विचारत होते.

ॲप होतं मोठं देखणं. फोटो चढवायचा, तक्रार यादीतून निवडायची, कुठल्यातरी शहरात बसलेला, आपल्याला कधीही न दिसणारा रेडिओलॉजिस्ट उत्तर पाठवणार आणि केस बंद. उत्तराच्या शेवटी आम्हा लोकांचं लाडकं वाक्य असायचं, "क्लिनिकली कोरिलेट करावे." म्हणजे आम्ही फोटोबद्दल बोललो, माणसाचं तुमचं तुम्ही बघा. हे वाक्य मीही आयुष्यभर लिहिलंय. फार सोयीचं आहे.

या ॲपमुळे मला ज्यांचे फोन यायचे थांबले त्यांत दिंडोरीचे एक डॉक्टर होते. वयाने माझ्याहून बरेच मोठे. चार खाटांचं हॉस्पिटल, शेजारी घर, मागे द्राक्षाचा बाग. त्यांचा फोन आला की आधी "मॅडम, बिझी का?" मग ढगाळ हवा आणि द्राक्षावरचा डावणी रोग, मग पेशंट. एक्स-रेची फिल्म ते खिडकीच्या उजेडात धरायचे आणि मोबाइलवर फोटो काढून पाठवायचे. त्या फोटोत छातीच्या फासळ्या, खिडकीचे गज आणि बाहेरची जास्वंद एकत्रच दिसायची. कोपऱ्यात त्यांचा अंगठा ठरलेला. चेहऱ्यापेक्षा त्यांचा अंगठा मी जास्त पाहिलाय. परिपत्रक आल्यावर त्यांनी ते इमानदारीने पाळलं. मला चुकल्या-चुकल्यासारखं व्हायला लागलं.

छाटणीच्या दिवसांत एका दुपारी त्यांचा फोन आला. "मॅडम, बिझी का?" पुढे हवा नाही, डावणी नाही. मी खुर्चीतून उठलेच.

ट्रॅक्टर मागे घेताना एक तरुण ट्रॅक्टर आणि द्राक्षमांडवाचा खांब यांच्यात चेपला गेला होता. दोन्ही कुशी सारख्याच खरचटलेल्या, सारख्याच दुखत होत्या. आत एका बाजूचं फुफ्फुस फाटून हवा छातीत साठत चालली होती. अशा वेळी त्या बाजूला नळी घालून, तिचं दुसरं टोक बाटलीतल्या पाण्यात बुडवून हवा बाहेर काढावी लागते. नाशिकपर्यंतचा रस्ता काही तो काढणार नव्हता, नळी तिथेच घालायला हवी होती. आणि बाजू चुकली, तर उरलेलं धड फुफ्फुसही मिटणार. मग संपलंच.

"ॲपवर टाकलं होतं," ते म्हणाले. "उत्तर आलं, हवा डावीकडे आहे, डावीकडे नळी घाला."

"मग?"

"पण मला उजवीकडे श्वास कमी ऐकू येतोय. अलीकडे माझे कानच कमी झालेत मॅडम, त्यामुळे भरवसा नाही. ॲपला परत विचारायला गेलो, तर केस बंद झालीय म्हणतं."

त्या 'पण'साठी ॲपमध्ये जागाच ठेवलेली नव्हती. फोनमध्ये मागून त्या तरुणाच्या बायकोचा आवाज आला, "डॉक्टर, काहीतरी करा वो, त्यांना लय दम लागतोय, बोलता पण येत नाय."

मी म्हटलं, तोच फोटो मला पाठवा. आला. फासळ्या, गज, जास्वंद. हवा डावीकडे, तिच्या दाबाने हृदय उजवीकडे ढकललेलं. पुस्तकात छापावा इतका चोख फोटो. ज्याने उत्तर दिलं त्याला बोल लावायला मला जागा दिसेना. पण हे डॉक्टर उगाच कोणाला विचारणाऱ्यांतले नव्हते, हे त्याला ठाऊक नव्हतं आणि मला होतं. मी फोटो मोठा केला. जठरात नेहमी थोडी हवा असते आणि ती डाव्या अंगाला दिसते. इथे ती उजवीकडे होती.

"सर, अंगठा बाजूला घ्या," मी म्हटलं. "कोपरा दिसू दे. परत पाठवा."

एक्स-रे काढताना तंत्रज्ञ कोपऱ्यात बाजू सांगणारं अक्षर ठेवतो. दुसऱ्या फोटोत ते दिसलं, आरशात दिसावं तसं उलटं. घाईत फिल्मच उलटी धरली गेली होती. डावं ते उजवं आणि उजवं ते डावं झालं होतं, आणि ही चूक पकडणाऱ्या एकुलत्या एक अक्षरावर डॉक्टरांचा अंगठा होता.

"सर, फिल्म उलटी आहे. हवा उजवीकडे आहे. तुमचे कान बरोबर आहेत."

त्यांनी फोन बंद केला नाही, तसाच कुठेतरी ठेवला. मला स्टीलच्या ट्रेचा आवाज आला, त्यांनी कोणाला तरी हात धरायला सांगितलेलं ऐकू आलं. मी कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून उभी होते. शेवटी त्यांचा आवाज आला, "आले. बाटलीतल्या पाण्यात बुडबुडे आले मॅडम." मी तिथेच रडले.

दुसऱ्या दिवशी व्यवस्थापकांनी मला बोलावलं. ॲपचं उत्तर डावीकडे आणि नळी उजवीकडे, ही तफावत त्यांना छळत होती. पाहुणे आमच्याच आयसीयूत बरे होत होते, त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती.

"तुम्ही फोनवर अनौपचारिक सल्ला दिलात का?"

"छे. मी त्यांना फक्त अंगठा बाजूला घ्यायला सांगितलं."

ते ॲपच्या यादीत शोधत राहिले. असा प्रकार यादीत नव्हता. पुढच्या आठवड्यात ॲपवर नवी सूचना झळकली, 'कृपया फोटोत बोटे येऊ देऊ नयेत.' यंत्रणा सुधारल्याचं समाधान सगळ्यांच्या तोंडावर दिसत होतं.

महिन्याभराने तो तरुण तपासणीच्या एक्स-रेसाठी आमच्याकडे आला. त्याचं नाव यादीत पाहून मी स्वतःच आत गेले. मी कोण, हे त्याला माहीत असायचं कारण नव्हतं. शर्ट काढल्यावर उजव्या कुशीत नळीचा व्रण दिसला. मी उगीचच विचारलं, फार त्रास झाला का.

"लय झाला," तो म्हणाला. "आणि मी असा तडफडतोय, तर आमचे डॉक्टर फोनवर कोणाला तरी विचारत बसलेले. नंतर मी बोललोच त्यांना, डॉक्टर, तुम्हाला नळी घालता येत नाय का?"

"मग? काय म्हणाले?"

"म्हणे, येते म्हणून तर विचारलं. येत नसती, तर मोबाइलवर आलेल्या बाजूला घालून मोकळा झालो असतो."

मी त्याला मशीनसमोर सरळ उभं केलं, खांदे पुढे घेतले आणि म्हटलं, "मोठा श्वास घ्या. धरून ठेवा."

त्याने घेतला. दोन्हीकडून.