मेडलच्या कडेवरचं नाव

मागच्या नोव्हेंबरात बाबा इंग्लंडला, साउथहॅम्प्टनला माझ्याकडे होते. लेकीच्या शाळेत युद्धात लढलेल्यांच्या स्मरणाची असेंब्ली होती आणि तिने परस्पर टीचरला सांगून टाकलं होतं, "माझे आजोबा बोलतील."

बाबांचे वडील महायुद्धाच्या काळात मुंबईच्या गोदीत पोलीस शिपाई होते. दारूगोळ्याच्या बोटी लागत त्या धक्क्याच्या फाटकावर त्यांची ड्यूटी. त्यांचं मेडल बाबांनी पुण्याहून केबिन बॅगेत, मोज्यात गुंडाळून आणलं होतं.

असेंब्लीच्या आदल्या दुपारी मी पोळ्या लाटत होते. लेक शेजारी बसून मेडल पुसत होती.

"आई, ह्याच्या कडेवर काहीतरी लिहिलं आहे."

आधी नंबर, मग बारीक इंग्रजी अक्षरांत पूर्ण नाव. माझ्या आजोबांचं नव्हतं. आडनावही आमचं नव्हतं.

मी फोनचा टॉर्च लावून पुन्हा वाचलं. बाहेर सोफ्यावर बाबा भाषण पाठ करत होते. वय वर्षं ब्याऐंशी, आणि जन्मभर येणाऱ्याजाणाऱ्याला हे मेडल दाखवत आलेले. मी लेकीला गप्प राहायची खूण केली.

"पण मग उद्या आपण खोटं बोलणार?" ती मोठ्यानेच म्हणाली.

"काय खोटं?" बाबा दारात उभे होते.

मी मेडल त्यांच्या हातात दिलं. चष्मा लावून त्यांनी ते गोल फिरवलं, पुन्हा फिरवलं.

"माझ्या बापाने चोरलं म्हणतेस?"

"बाबा, मी असं कुठे म्हटलं?"

"मग काय म्हणतेस?"

ते खोलीत गेले, दार लावून घेतलं. जेवायलाही आले नाहीत.

सकाळी कोट घालून तयार होते. कोटावर मेडल नव्हतं. गाडीत निम्मा रस्ता गेल्यावर म्हणाले, "आई आम्हाला त्याला हात लावू देत नसे. आपलं नाही ते, म्हणायची. मला वाटायचं, सरकारचं आहे म्हणून." मग शाळेपाशी उतरताना, "वडील ते आपलं आहे असं कधी म्हणालेच नाहीत गं. ते मीच सांगत आलो."

शाळेचा हॉल भरला होता. मी मागे भिंतीला टेकून उभी होते. बाबांनी भाषणाचा कागद खिशातून काढलाच नाही. मेडल तळहातावर धरून त्यांनी नंबर वाचला, नाव वाचलं आणि सावकाश इंग्रजीत म्हणाले, "हे माझ्या वडिलांचं नाही. हा माणूस कोण, मला माहीत नाही. कदाचित त्यांच्याबरोबर फाटकावर उभा असेल. वडिलांनी त्याचं मेडल मरेपर्यंत जपलं, एवढं मात्र खरं."

"तो युद्धात मेला का?" पुढच्या रांगेतून एका मुलीने विचारलं.

"माहीत नाही," बाबा म्हणाले आणि खाली बसले. टाळ्या वाजवाव्यात की नाही, हे काही क्षण कुणालाच कळेना.

युद्धकाळातली जुनी कागदपत्रं ठेवणाऱ्या दोन कचेऱ्यांना मी पत्रं लिहिली. एकीचं उत्तर आलं, गोदी पोलिसांच्या याद्या आमच्याकडे नाहीत. बाबा जानेवारीत पुण्याला परतले. आता ते मेडलवरच्या आडनावाच्या लोकांचे नंबर मिळवून फोन करतात. बहुतेक जण काहीतरी विकायला केलेला फोन समजून ठेवून देतात. मध्यंतरी पनवेलच्या एका बाईंनी सगळं ऐकून घेतलं, सासूबाईंना विचारते म्हणाल्या. त्याला आता तीन आठवडे झाले.