रत्नाला दिलेलं पाणी

रत्ना गेल्याचा फोन आला तेव्हा मी म्हशी धूत होतो. नांदेडला कॉलेजात शिकवणारी माझी पुतणी, वय काही मरायचं नव्हतं. फोन ठेवला आन् राहिलेली म्हैसही धुतली... दुसरं काय करावं ते सुचलं न्हाई.

मी चौथी शिकलेला. रत्ना जिवाणूंत शिरणाऱ्या विषाणूंचा अभ्यास करायची. निलंग्याजवळ आमच्या घरी आली की गोठ्याच्या नालीतलं पाणी बाटलीत भरून न्यायची. घाणीत जिवाणू लई, म्हणून त्यांच्यावर जगणारे विषाणूही तिथंच, म्हणायची. एकदा चहा पिता पिता सांगू लागली, "काका, हा विषाणू आत शिरला की आरएनएचे बारीक तुकडे सोडतो. जिवाणूचे स्वतःचे निरोप असतात, हे बनव, ते बनव. हा तुकडा त्या निरोपाला चिकटतो, निरोप तिथंच अडतो. मग जिवाणू आपलं सोडून विषाणूसाठी राबतो."

"तुझ्या काकूसारखाच दिसतोय हा विषाणू," मी म्हणालो.

"काकू कशाला? या घरात काकूचे निरोप अडवतंय कोण?"

मी अर्धा चहा ठेवून उठलो.

पुढं तिला वरचेवर येणं जमेना. मग बाटल्या धाडायची आन् काकूला फोन करायची, नालीतलं पाणी भरून ठेवा, माणूस येईल न्यायला. माझं डोकं फिरायचं. आमच्या घरची बाटली नांदेडला जाणार, शिकलेली माणसं ती उघडणार, आन् आत शेण-मूत? मी बायकोच्या हातातून बाटली घ्यायचो. बोअरचं पाणी गाळून, उकळून, गार करून भरायचो. "अवो, पोरीनं घाण मागितली हाय," बायको म्हणायची. "आपल्या घरातून कुणाला घाण जात न्हाई," मी म्हणायचो. विषय संपला.

दिवाळीला शेवटची आली, पार वाळलेली, डोक्याला रुमाल बांधून. म्हणाली, "काका, समद्या गावांत तुमचंच पाणी शुद्ध निघालं बघा." मी मिशीवरून हात फिरवला. शेजाऱ्यालाही बोलावून ऐकवलं.

दहाव्याला तिच्यासोबत काम करणाऱ्या बाई आल्या. बोलता बोलता म्हणाल्या, "तुमच्या बाटल्यांत कधी काहीच सापडलं नाही. आम्ही म्हणायचो, बंद करू. मॅडम म्हणायच्या, काका उकळून देतात, असू द्या. मागणं थांबवलं तर मनाला लावून घेतील." बायकोनं माझ्याकडं पाहिलं. मला मान वर करता येईना. पोरीचा निरोप घरात येत होता आन् मधी मीच चिकटून बसलो होतो. हे तिला ठाऊक होतं... तरी बाटल्या धाडत राहिली.

एक रिकामी बाटली अजून देवळीत होती, वर तिच्या अक्षरात 'काकांचा गोठा'. परवा बायकोला म्हटलं, तू भर.

"आता कुणासाठी?"

मी देवळीतून बाटली काढली. मीच नालीकाठी बसलो आन् भरली. झाकण घट्ट लावलंय, तरी घरात वास येतोच. त्या बाईंना फोन लावून एवढंच सांगायचंय, या वेळी उकळलं न्हाई. दोन दिवस झाले, फोन हातात घेऊन बसून राहिलो...